फ्लश आपोआप चालावा म्हणून शंभर वर्षांपूर्वी डोकं लावणारा मराठी माणूस : शंकर आबाजी भिसे

पिंपळे सौदागरच्या एखाद्या सोसायटीत नव्या फ्लॅटचं काम सुरू असेल, तर इलेक्ट्रिशियन घरमालकाला एक प्रश्न विचारतोच. बाथरूमला साधं बटण ठेवायचं की सेन्सर लावायचा?

घरात लहान पोरं आणि आजी-आजोबा असतील तर सेन्सरचा विचार होतो. रात्री अंधारात बटण चाचपडायला नको आणि दिवा चालू राहिला म्हणून ओरडायलाही नको. पण सेन्सरमध्ये दोन प्रकार असतात. पहिला पीआयआर. तो माणसाच्या शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपतो. कमोडवर माणूस स्थिर बसला की त्याला वाटतं आत कुणीच नाही, आणि दिवा जातो. म्हणून त्याचा टायमर चार-पाच मिनिटांचा ठेवावा लागतो. शिवाय गरम पाण्याच्या वाफेच्या थेट समोर तो लावायचा नसतो. दुसरा मायक्रोवेव्ह. तो बारीक हालचालही पकडतो, पण पातळ दाराच्या पलीकडून कुणी गेलं तरी पेटू शकतो. आणि कुठलाही सेन्सर घेतला, तरी ओला हात लागणार नाही अशा ठिकाणी, म्हणजे बाहेरच्या बाजूला, एक साधं बटण ठेवलेलं बरं.

माणसानं हात लावायचा नाही, काम यंत्रानं आपणहून करायचं. आज ही गोष्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पण घराघरात वीज पोहोचलीही नव्हती, तेव्हा एक मराठी माणूस लंडनमध्ये बसून असल्याच गोष्टींचे आराखडे काढत होता. त्यात आपोआप चालणारा फ्लशही होता.

त्यांचं नाव शंकर आबाजी भिसे.

मुंबईतलं खटपटं पोरगं

भिसेंचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, मुंबईतला. त्या काळी इंग्रजी शिकलेल्या पोरानं सरकारी नोकरी धरायची हा सरळ मार्ग होता. भिसेंचा जीव मात्र यंत्रात अडकला होता. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी राहत्या घरात कोळशापासून गॅस तयार करायचं छोटं यंत्र केलं. विज्ञान शिकवणारं कुणी जवळ नव्हतं, तर परदेशी विज्ञान मासिकं वाचून ते शिकले. पुढं मुंबईत विज्ञानाची आवड असणाऱ्यांचं एक मंडळही काढलं.

त्यांच्या डोक्यात येणाऱ्या कल्पना रोजच्या अडचणींतून यायच्या. बाटलीतला माल कुणी बदलू नये म्हणून छेडछाड न करता येणारी बाटली. लोकलमधल्या प्रवाशाला कुठलं स्टेशन आलं ते कळावं म्हणून स्टेशन दाखवणारं यंत्र.

मग लंडनच्या एका नियतकालिकानं संशोधकांसाठी स्पर्धा ठेवली. भिसेंनी किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राचा आराखडा पाठवला, आणि इंग्लंडमधल्या स्पर्धकांना मागं टाकून ते जिंकले. मुंबईत त्यांचं नाव झालं. काँग्रेसचे नेते दिनशा वाच्छा यांनी त्यांना एक शिफारसपत्र दिलं आणि भिसेंनी लंडन गाठलं.

दादाभाईंनी पैसे घातले

ते पत्र होतं दादाभाई नौरोजींच्या नावानं. १८९२ मध्ये ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले हेच दादाभाई. भारतातली संपत्ती इंग्लंडला कशी वाहून जाते हे आकड्यांनिशी मांडणाऱ्या या माणसाला, एक भारतीय पोरगा इंग्लंडमध्ये येऊन यंत्रं बनवतोय याचं मोल कळत होतं. त्यांनी भिसेंच्या कामात पैसे घातले आणि ओळखीही करून दिल्या.

भिसेंनी मग धडाका लावला. स्वयंपाकघरातली उपकरणं, टेलिफोन, डोकेदुखीवरचं यंत्र, आपोआप चालणारा फ्लश. जाहिराती दाखवणारा त्यांचा विजेचा फलक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागला.

पण भिसेंचं खरं स्वप्न होतं भिसोटाइप.

एका यंत्रामागं सगळं गेलं

तेव्हा छपाई म्हणजे शिशाचे खिळे. प्रत्येक अक्षराचा वेगळा खिळा ओतायचा आणि मग ते जुळवायचे. लायनोटाइप आणि मोनोटाइप ही परदेशी यंत्रं बाजारात आली होती, पण ती महाग आणि गुंतागुंतीची होती. भिसेंचं यंत्र खिळे कितीतरी वेगानं आणि स्वस्तात ओतणार होतं. ज्या देशात काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागतात, तिथं स्वस्त यंत्र म्हणजे स्वस्त पुस्तकं आणि स्वस्त वर्तमानपत्रं.

यंत्र जमलं, पण ते कारखान्यात बनवायला भांडवल हवं होतं. दादाभाईंचे मित्र आणि समाजवादी नेते हेन्री हाइंडमन यांनी १५ हजार पौंड उभे करायचं मनावर घेतलं. म्हणजे भांडवलशाहीच्या विरोधात भाषणं करणारा माणूस भिसेंसाठी भांडवल शोधत होता. ते काही उभं राहिलं नाही. डिसेंबर १९०७ मध्ये भिसेंनी गाशा गुंडाळला आणि भारताची वाट धरली.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण गोपाळ कृष्ण गोखले मदतीला आले. त्यांनी भिसेंची गाठ जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांच्याशी घालून दिली. टाटांनी पैसा दिला, भिसे परत कामाला लागले. पुढं ते अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झाले. तिथंही भिसोटाइपला मोठा धंदा मिळाला नाही. जुन्या कंपन्यांनी बाजार धरून ठेवला होता.

नाव मिळालं ते वेगळ्याच गोष्टीमुळं. आयोडीनपासून केलेलं त्यांचं ॲटोमिडीन नावाचं औषध अमेरिकेत चाललं. भारताचा एडिसन म्हणून त्यांची ओळख झाली होतीच, आणि १९३० मध्ये खुद्द थॉमस एडिसन यांच्याशी त्यांची भेटही झाली.

७ एप्रिल १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. जवळपास २०० शोध आणि त्यातल्या सुमारे ४० चे पेटंट त्यांच्या नावावर आहेत.

मग आपण त्यांना विसरलो का?

एक कारण सरळ आहे. ज्या यंत्रासाठी त्यांनी आयुष्य घालवलं, ते बाजारात रुजलं नाही. नंतर ऑफसेट आणि कॉम्प्युटर आले आणि शिशाचे खिळेच गेले. एडिसनकडं डोकं होतं, तसा प्रयोगशाळेतला कर्मचारीवर्ग, कारखाना आणि गुंतवणूकदारही होते. भिसेंना प्रत्येक यंत्रासाठी नवा आश्रयदाता शोधावा लागला. शोध लावण्याइतकाच वेळ त्यांचा पैसा शोधण्यात गेला.

आजचे सेन्सर भिसेंच्या पेटंटवरून आलेले नाहीत, ते तंत्र वेगळं आहे. पण लोकलमधला पुढचं स्टेशन सांगणारा इंडिकेटर, चौकातला झगमगता जाहिरात फलक आणि मॉलमधला आपोआप चालणारा फ्लश या तिन्ही गोष्टींची गरज या माणसाला शंभर वर्षं आधी दिसली होती.