अनवाणी पायांचा खेळाडू

विद्यार्थी मित्रांनो, बीड जिल्ह्यातील कपिलधार तुम्ही पाहिले आहे का? तेथे डोंगरावरून धबधबा कोसळतो. संत मन्मथस्वामींची समाधीही तेथेच आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला दूरदूरच्या गावांहून दिंड्या पायी येतात. काही यात्रेकरू तर अनवाणी चालतात. पायांना खडे टोचतात, पण सवय आणि श्रद्धा असली की पाय थांबत नाहीत.

पायांच्या अशाच सवयीवर विश्वास ठेवून एक भारतीय खेळाडू परदेशात अनवाणी फुटबॉल खेळला. त्यांचे नाव मोहम्मद सलीम.

सलीम यांचा जन्म १९०४ साली कलकत्त्याच्या मेटियाबुरुज भागात झाला. राज्य गेल्यावर अवधचे नवाब वाजिद अली शाह याच भागात येऊन राहिले होते. त्या काळी कलकत्त्यात फुटबॉलचे मोठे वेड होते. गोऱ्या सैनिकांचे संघ बूट घालून खेळत, तर आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळत. सलीमही त्यांपैकीच एक होते. ते मैदानाच्या उजव्या बाजूने चेंडू पुढे नेत. चेंडू जणू त्यांच्या पायाला चिकटलेलाच असे.

पुढे ते मोहमेडन स्पोर्टिंग या संघात आले. १९३४ साली या संघाने कलकत्ता लीग जिंकली. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय संघ होता. १९३४ पासून १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे ही लीग त्याच संघाने जिंकली. पुढे १९४० साली मुंबईचा रोव्हर्स चषकही या संघाने पटकावला.

१९३६ साली चीनचा ऑलिंपिक संघ भारतात सामने खेळण्यासाठी आला. पहिल्या सामन्यात सलीम यांचा खेळ सर्वांना आवडला. पण दुसऱ्या सामन्याच्या वेळी ते कोठेच सापडेनात! इंग्लंडहून आलेल्या एका नातेवाइकाने त्यांना तिकडे खेळण्याचा आग्रह केला होता आणि ते त्याच्याबरोबर बोटीने निघून गेले होते. सहकाऱ्यांना असे मध्येच सोडून जाणे योग्य होते का? याचा विचार तुम्हीच करा.

सलीम स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात पोहोचले. तेथे सेल्टिक नावाचा प्रसिद्ध संघ आहे. आयर्लंडमधून पोट भरण्यासाठी आलेल्या गरीब लोकांना मदत व्हावी, म्हणून तो एकोणिसाव्या शतकात स्थापन झाला. हे लोक स्कॉटलंडमध्ये राहत, तेथेच राबत. पण आयर्लंडला विसरत नसत. सलीमही आता त्यांच्यासारखेच परक्या मुलखात आले होते.

अनवाणी खेळणारा माणूस पाहून सेल्टिकचे व्यवस्थापक विली मेली चकित झाले. पण सलीम यांनी चेंडूवरची आपली हुकमत दाखवली आणि त्यांना संधी मिळाली. पायांना पट्ट्या बांधून ते सेल्टिकतर्फे दोन सामने खेळले. एक सामना हॅमिल्टनविरुद्ध झाला, दुसरा गॅल्स्टनविरुद्ध. सेल्टिकने दोन्ही सामने जिंकले. गॅल्स्टनविरुद्ध सात गोल झाले, त्यांतील तीन सलीम यांनी पुढे दिलेल्या चेंडूंवर झाले. वर्तमानपत्रांनी त्यांची तोंडभरून स्तुती केली.

आता त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. मित्रांनो, तुम्ही परगावच्या शाळेत शिकायला गेलात आणि तिच्या संघातून खेळू लागलात, तर तुमचे मन कोठे राहील? नव्या संघात की गावच्या जुन्या सोबत्यांत? सेल्टिकच्या लोकांनी सलीम यांना थांबण्याचा खूप आग्रह केला. तेथे नाव होते, कौतुक होते. पण सलीम यांना घरची ओढ लागली होती. ज्यांना न सांगता सोडून आलो, ते सोबती त्यांना परत बोलावत होते जणू!

सलीम यांनी परत जायचे ठरवले. त्यांच्या कुटुंबीयांनी पुढे एक हकीकत सांगितली. सलीम यांच्या सन्मानार्थ झालेल्या सामन्याच्या उत्पन्नातील काही वाटा त्यांना मिळणार होता. तो त्यांनी अनाथ मुलांना देऊन टाकला. गरिबांसाठी स्थापन झालेल्या संघाचा निरोप घेण्याची याहून चांगली रीत कोणती असणार?

कलकत्त्याला परतल्यावर सलीम पुन्हा मोहमेडन स्पोर्टिंगकडून खेळू लागले. १९८० साली त्यांचे निधन झाले.

सेल्टिकचा पोशाख अंगावर असताना सलीम यांनी खेळात कसूर केली नाही, म्हणून तेथील लोकांनी त्यांच्यावर प्रेम केले. आणि त्या प्रेमापोटी ते आपल्या जुन्या संघालाही विसरले नाहीत. मित्रांनो, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी उद्या तुम्हीही दूर जाल. जेथे राहाल, तेथील माणसांसाठी मनापासून झटा आणि ज्या मातीत खेळायला शिकलात, तिचीही आठवण ठेवा.