डोंगरमाथ्यावरून पृथ्वी मोजणारे अल् बेरुनी

गझनीच्या महंमुदाचे नाव निघाले की आपल्याला सोमनाथचा विध्वंस आठवतो. त्याच महंमुदाने पराभूत राज्यातून आपल्यासोबत नेलेल्या एका विद्वानाने याच काळात पंजाबातील एका किल्ल्यावरून पृथ्वीची त्रिज्या मोजली. त्यांचे नाव अबू रेहान अल् बेरुनी.

आजच्या उझबेकिस्तानातील काथ या नगरात सप्टेंबर ९७३ मध्ये त्यांचा जन्म झाला. सतराव्या वर्षी त्यांनी सूर्याच्या उन्नतांशावरून काथचे अक्षांश काढले. ९९५ मध्ये ख्वारिज्ममध्ये यादवी माजली आणि त्यांना परागंदा व्हावे लागले. मात्र त्यांचे वेध थांबले नाहीत. ९९७ मधील चंद्रग्रहण त्यांनी काथहून आणि गणिती अबुल वफा यांनी बगदादहून पाहिले. ग्रहण सर्वत्र एकाच क्षणी लागते. स्थानिक वेळा तेवढ्या वेगळ्या असतात. एका तासाचा फरक म्हणजे १५ रेखांश, या हिशेबाने त्यांनी दोन नगरांमधील रेखांशांचे अंतर ठरविले. चंद्राने जणू दोघांसाठी एकच घड्याळ आकाशात टांगले होते.

पृथ्वीचे माप घेणे याहून अवघड होते. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी खलिफा मामून याच्या ज्योतिर्विदांनी वाळवंटात सरळ उत्तर-दक्षिण चालत जाऊन एका अंशाचे अंतर मोजले होते. त्यासाठी माणसे, पैसा आणि राजाश्रय लागे. अल् बेरुनींचा तसा प्रयत्न पाठबळाअभावी अर्धवट राहिला. पुढे १०१७ मध्ये महंमुदाने ख्वारिज्म जिंकले आणि इतर विद्वानांबरोबर त्यांनाही गझनीला नेले.

महंमुदाच्या राज्यात असतानाच ते मिठाच्या डोंगररांगांतील नंदना किल्ल्यावर आले. हे स्थळ आज पाकिस्तानात आहे. समोर विस्तीर्ण मैदान आणि शेजारी एकटा डोंगर पाहून त्यांनी चालण्याऐवजी भूमितीचा आधार घेतला. मैदानातील दोन ठिकाणांहून शिखराचे कोन मोजून त्यांनी डोंगराची उंची सुमारे ६५२ हात ठरविली. मग माथ्यावर जाऊन क्षितिज समपातळीच्या किती खाली दिसते, तो कोन मोजला. तो ३४ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित अधिक भरला. दृष्टिरेषा क्षितिजावर पृथ्वीला जेथे स्पर्श करते, तेथे ती त्रिज्येशी काटकोन करते. या काटकोन त्रिकोणाची एक बाजू पृथ्वीची त्रिज्या, तर कर्ण म्हणजे त्रिज्या अधिक डोंगराची उंची. उंची आणि कोन ठाऊक असल्याने त्रिज्या गणिताने मिळाली : सुमारे १ कोटी २८ लाख हात.

त्यांच्या ‘हाता’ची नेमकी लांबी निश्चित नसल्याने हा आकडा आजच्या ६,३७१ किलोमीटरशी अचूक ताडून पाहता येत नाही. शिवाय हवेतील वक्रीभवनामुळे क्षितिजाचा कोन थोडा बदलतो. तरीही जुन्या मोजणीशी त्यांचे उत्तर जवळपास जुळले. विशेष म्हणजे, मामूनच्या ज्योतिर्विदांची साधने अधिक सूक्ष्म होती हे मान्य करून त्यांनी त्यांचाच आकडा ग्राह्य धरला. स्वतःच्या शोधापेक्षा अचूकतेला मोठे मानणारी ही वृत्ती होती.

याच वृत्तीने ते संस्कृत शिकले, ब्रह्मगुप्त आणि वराहमिहिर यांचे ग्रंथ अभ्यासले आणि १०३० च्या सुमारास भारताविषयीचा आपला विख्यात ग्रंथ पूर्ण केला. १०५० च्या सुमारास गझनी येथे त्यांचे निधन झाले. ज्या चंद्राच्या ग्रहणावरून त्यांनी पृथ्वीवरील अंतरे काढली, त्याच चंद्रावरील एक विवर आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.