गवयाचा मान : पंडित विष्णु दिगंबर पलुसकर



लातूरकडील मंडळींस मिरज हें गांव परकें नाहीं. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९२७ सालीं मिरजेपर्यंत पोंचली, आणि तेव्हांपासून हीं दोन गांवें जोडलीं गेलीं. २०१६ च्या एप्रिलांत लातूर तहानेनें व्याकुळ झालें असतां मिरजेहूनच पाण्याची गाडी आली, हें आपल्या आईबापांनीं पाहिलें आहे. त्याच मिरजेशीं जडलेल्या एका थोर गवयाचें चरित्र आज सांगावयाचें आहे.

विष्णुबुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजीं कुरुंदवाड येथें झाला. घराण्याचें मूळचें आडनांव गाडगीळ. पलूस गांवावरून तें पलुसकर झालें. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार होते. कीर्तन हा एकट्याचा खेळ नव्हे. बुवा पुढें उभे राहून आख्यान सांगतात. मागें मृदंग अगर तबला, झांज, सूर धरणारे साथीदार असतात. एकाचा ताल चुकला कीं सर्वांचा रंग बिघडतो. अशा घरच्या मुलाच्या कानांवर अक्षरओळख होण्यापूर्वींच सूर पडतात, आणि दुसऱ्याचें ऐकून आपलें गावें ही शिस्त त्यास आपोआप लागते.

परंतु लहानपणींच ह्या मुलावर मोठें संकट ओढवलें. दत्तजयंतीच्या उत्सवांत शोभेची दारू उडत असतां एक फटाका त्याच्या तोंडाजवळ फुटला आणि डोळे भाजले. मिरजेस पुढें नांवारूपास आलेलें मिशन हॉस्पिटल १८९४ सालीं निघालें. त्या वेळीं तें नव्हतें. उपचार झाले, पण दृष्टि कायमची अधू झाली. पुस्तक वाचणें कठीण, म्हणून शाळा सुटली. आईबापांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, ह्याची कल्पना पालकांनींच करावी!

वाट दिसली ती संगीताची. मिरजेच्या अधिपतींनीं आश्रय दिला, आणि मुलगा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ह्यांच्या हवालीं झाला. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रांत रुजविणारे ते हेच बुवा. त्यांच्या हाताखालीं विष्णुबुवांनीं कित्येक वर्षें कठोर मेहनत केली.

पुढें एक प्रसंग असा घडला असें सांगतात कीं, गांवांतील एका समारंभाचें निमंत्रण राजाश्रयामुळें विष्णुबुवांस आलें, परंतु त्यांच्या गुरूंस आलें नाहीं. कारण ते केवळ गवई! हा घाव शिष्याच्या वर्मीं लागला. ज्या कलेपुढें लोक माना डोलावतात, त्या कलावंतास पंक्तींत जागा नसावी काय? १८९६ च्या सुमारास त्यांनीं मिरज सोडली. आश्रयाचें सुख मागें टाकून ते गांवोगांव फिरले, आणि राजवाड्यांत कोंडलेलें गाणें सामान्य लोकांपुढें जाहीर जलशांतून मांडूं लागले.

५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें त्यांनीं गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. तें राजाच्या देणगीवर नव्हे, तर लोकवर्गणी व जलशांचें उत्पन्न ह्यांवर उभें राहिलें. तेथें ठराविक अभ्यासक्रम, स्वरलेखनाची पद्धति, छापील पुस्तकें व परीक्षा अशी व्यवस्था होती. जी विद्या गुरूच्या मर्जीवर अवलंबून असे, ती शाळेंत बसून कोणासहि शिकतां येऊं लागली. १९०८ सालीं मुंबईस महाविद्यालय निघालें. मात्र तेथील इमारतीसाठीं काढलेलें कर्ज फिटलें नाहीं, आणि कष्टानें उभारलेली वास्तु हातची गेली. त्यानंतर बुवा नाशिकास रामनामांत रमले.

घरींहि दुःखें कमी नव्हतीं. त्यांच्या अनेक अपत्यांपैकीं दत्तात्रेय हा एकच मुलगा जगला. २१ ऑगस्ट १९३१ रोजीं मिरजेस बुवांनीं देह ठेवला, तेव्हां तो अवघा दहा वर्षांचा होता. परंतु बुवांचे शिष्य विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास ह्यांनीं त्यास शिकविलें, आणि डी. व्ही. पलुसकर ह्या नांवानें तो देशभर गाजला. १९५५ सालीं ऐन चौतिसाव्या वर्षीं तोहि गेला. शिष्यांनीं १९३१ सालींच स्थापिलेलें अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ मात्र टिकलें. त्याच्या परीक्षांस आजहि गांवोगांवचीं मुलें बसतात.

मुलांनो, गाण्याच्या घरीं जन्मणें हें भाग्य खरें. पण तें भाग्य एकट्यानें भोगावयाचें नसतें. अंधुक दृष्टीच्या ह्या पुरुषानें जें स्पष्ट पाहिलें, तें चांगल्या डोळ्यांच्या लोकांस दिसत नव्हतें : कला गोड, आणि कलावंत हलका, हा न्याय नव्हे. आपल्या नांदेड-लातूरकडे लग्नसराईंत भर उन्हांत हलगी व बँड वाजविणारे पुरुष व त्यांचे मुलगे आपण पाहतों. त्यांच्या तालावर आपण नाचतों. पण जेवणाच्या वेळीं त्यांस आदरानें पान वाढतों काय? त्यांपैकीं एखादा मुलगा आपल्याच वर्गांत बसत असेल. प्रभूच्या मेजवानींत कोणासहि शेवटचें स्थान नाहीं असें आपण मानतों. तर मग आपल्या अंगणांतहि तें नसावें. विष्णुबुवांचें खरें स्मरण करावयाचें तर पुढच्या लग्नांत हें एवढें तरी आपण करूं या.