विश्लेषण : नर्तकाची चाल वॉलरसला कशी मिळाली?

एका कलाकाराची टिपलेली हालचाल वेगळ्या अंगकाठीच्या पात्राला बसवणे, याला संगणकीय अ‍ॅनिमेशनमध्ये ‘मोशन रिटार्गेटिंग’ म्हणतात. संगणकाच्या कितीतरी आधी मॅक्स फ्लायशर यांच्या स्टुडिओने हे काम पेन्सिलीने केले होते.

कोण होते फ्लायशर?

१८८३ मध्ये क्राकोव्हला जन्म, लहानपणीच कुटुंबासह न्यू यॉर्कला स्थलांतर. चित्रकलेइतकाच यंत्रांचा नाद. ‘पॉप्युलर सायन्स मंथली’चे ते कला संपादक होते. तेव्हाची व्यंगचित्रपात्रे पडद्यावर झटके देत चालत. फ्लायशर यांनी चित्रफितीची एकेक फ्रेम काचेवर मागून पाडली आणि समोरून ती कागदावर गिरवली. विदूषकाचा झगा घालून कॅमेऱ्यासमोर नाचला तो भाऊ डेव्ह. या ‘रोटोस्कोप’साठी १९१५ मध्ये अर्ज केला, १९१७ मध्ये पेटंट मिळाले. तोच विदूषक पुढे ‘कोको’ झाला.

गिरवणे कुठे अपुरे पडले?

१९३२ च्या ‘मिनी द मूचर’मध्ये गायक कॅब कॅलोवे आधी स्वतः दिसतात, नंतर त्यांचीच पावले एका भुताटकी वॉलरसला मिळतात. कमरेचाच पत्ता नसलेल्या प्राण्याला सडपातळ नर्तकाची लचक द्यायची कशी? तिथे रेषेवर रेष ओढून भागत नाही. पाऊल कुठे सरकते, भार कुठल्या बाजूला जातो, हे राखून बाकीचे शरीर नव्याने काढावे लागते. संगणकापुढेही हाच पेच असतो. सांध्यांचे कोन जसेच्या तसे उचलले, तर आखूड पायांच्या पात्राची पावले घसरतात किंवा अधांतरी राहतात. संशोधक मायकेल ग्लायशर यांनी १९९८ मध्ये मांडलेली पद्धत ही : टेकलेले पाऊल, वस्तूला लागलेला हात अशा गोष्टी अटी म्हणून पक्क्या करायच्या आणि त्या पाळताना मूळ हालचाल शक्य तितकी कमी बदलायची.

मग पुढे काय झाले?

१९३९ च्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये गलिव्हर जवळजवळ थेट गिरवलेला आहे. तो अचूक चालतो. पण वॉलरसची मजा त्याला नाही. १९४१ मध्ये स्टुडिओ पॅरामाउंटच्या ताब्यात गेला. लवकरच मॅक्स यांनाही तो सोडावा लागला. बेटी बूपसारखी पात्रे मागेच राहिली. सप्टेंबर १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात, चित्रपट व्यवसायातील वृद्धांसाठीच्या निवासात त्यांचे निधन झाले.