पुतळ्याआधी माणूस समजून घेऊ : नाईक यशवंत घाडगे यांचे आयुष्य

अमरावतीचा इर्विन चौक असो की अकोल्याची अशोक वाटिका, १४ एप्रिलला आपण बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर उभे राहतो तेव्हा त्या पुतळ्यामागचे आयुष्य आपल्याला ठाऊक असते. आई-आजीने ते सांगितलेले असते, भीमगीतांतून ते ऐकलेले असते. १ जानेवारीला वऱ्हाडातून भीमा कोरेगावला गाड्या निघतात तेव्हाही तसेच. विजयस्तंभावर ज्यांच्या नावाच्या शेवटी 'नाक' येते ते सैनिक कोण होते, हे आपली शाळकरी पोरेही सांगतात.

पण गावातल्या एखाद्या फौजी माणसाचा पुतळा बसवायची गोष्ट निघाली, की आपले बोलणे जागा, वर्गणी, परवानगी आणि उद्घाटनाचा पाहुणा एवढ्यावरच संपते. त्याचे आयुष्य कोण लिहून काढणार, हे कोणी विचारत नाही. शिवाय आपल्यातले काही तरुण एक रास्त प्रश्न करतात. बुद्धाला मानणाऱ्यांनी शस्त्र चालवणाऱ्याचा पुतळा का उभारावा? या दोन्ही गोष्टींचा विचार करताना आम्हाला महाराष्ट्रातल्याच एका सैनिकाचे आयुष्य उपयोगी वाटते. त्याचा पुतळा कोकणात माणगावला उभा आहे. नाव नाईक यशवंत घाडगे.

यशवंत यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आताचा रायगड. माणगावला लागूनच महाड तालुका आहे. यशवंत पाच वर्षांचे होते तेव्हा, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ज्या मुलखात हा मुलगा वाढत होता, त्याच मुलखात माणसाला सार्वजनिक तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागत होता.

मोठे झाल्यावर यशवंत फौजेत गेले. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन ही त्यांची पलटण. इथे एक गोष्ट आपण विसरू नये. इंग्रजांची फौज जात बघून भरती करत होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरती बंद करण्यात आली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. म्हणजे यशवंत जन्मले त्याच वर्षी आपल्या माणसांना पुन्हा घरी पाठवले गेले. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी पाठपुरावा केला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. शौर्य सगळ्यांत असते. ते दाखवायची संधी मात्र जातीने वाटली जात होती.

यशवंत यांची पलटण इटलीत पोहोचली. हिंदुस्थानच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजनचे पन्नास हजारांहून अधिक सैनिक त्या देशात जर्मन फौजांशी लढले. त्यांतले ५,७८२ परतले नाहीत. हिटलरच्या वंशश्रेष्ठत्वाविरुद्धच्या या लढाईत गुलाम देशातली खेड्यापाड्यांची पोरे पुढच्या रांगेत होती.

१० जुलै १९४४. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात यशवंत यांच्या कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला केला. यशवंत एका सेक्शनचे प्रमुख होते. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्या सेक्शनमधले सगळे जवान मेले किंवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे यशवंत. ते थेट मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला. त्यात मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. मग मोर्चातल्या आणखी एकाला त्यांनी गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून हातातली टॉमीगन उलटी धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने मारले. तेवढ्यात दबा धरलेल्या शत्रूच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. जिंकलेल्या मोर्चातच ते गेले. वय २२ वर्षे.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्या काळचे ते सर्वोच्च शौर्यपदक. १९४५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी ते दिल्लीत यशवंत यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना दिले. कोकणातल्या खेड्यातली तरुण विधवा, समोर साम्राज्याचा सगळा थाट, आणि नवऱ्याच्या जागी हातात एक पदक. इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर यशवंत यांचे नाव कोरलेले आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. २२ जुलै २०२३ रोजी इटलीतल्या मोंतोने गावानेही त्यांच्या नावाचे स्मारक उभारले. त्या परक्या गावाने पुतळा किंवा तोफ न ठेवता सूर्यघड्याळ बसवले. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरच्या ब्रीदाचा भाव आहे. समतेचे याहून सोपे वाक्य आमच्या माहितीत नाही.

आता आपल्या तरुणांच्या प्रश्नाकडे येऊ. वैशालीचा सिंह सेनापती बुद्धाचा उपासक झाला, आणि सेनापतीही राहिला. कलिंगनंतर अशोकाने विजयाची फुशारकी शिलेवर कोरली नाही, किती माणसे मेली ते कोरले आणि आपला पश्चात्ताप कोरला. आपल्यासमोरचे हे दोन आदर्श आहेत. सैनिकाचा सन्मान करायला धम्म आडवा येत नाही. युद्धाची पूजा करायला मात्र येतो. यशवंत यांनी त्या दिवशी चार माणसे मारली, ही गोष्ट लपवायची नाही आणि तिच्यावर टाळ्याही घ्यायच्या नाहीत. सगळे साथी पडल्यावरही तो पोरगा पुढे गेला. पुतळा त्या निर्भयतेचा आहे.

वऱ्हाडातल्या आपल्या वस्त्यांमध्ये महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेली माणसे आहेत, त्यांच्या विधवा आहेत. कोणाचे पदक ट्रंकेत आहे, कोणाचा फोटो विहाराच्या भिंतीवर आहे आणि खाली नावसुद्धा नाही. आमचे म्हणणे एवढेच की पुतळ्याची जागा मोजायच्या आधी वही घेऊन त्या घरी जा. भरती कशी झाली, कुठे लढले, कोण साथी गेले, मागे घर कोणी चालवले, पेन्शनसाठी किती खेटे घालावे लागले, सगळे लिहून घ्या. त्या माउलीचे बोलणेही लिहा. गावातल्या सगळ्या सैनिकांची नावे विहाराच्या भिंतीवर लावा. रविवारी वंदनेनंतर पोरांना एकेकाचे आयुष्य वाचून दाखवा.

मग पुतळा उभारा. तेव्हा त्याच्यासमोरून जाणारे पोर फक्त बंदूक बघणार नाही. तिच्यामागचा माणूस त्याला ओळखीचा असेल.

जयभीम. नमो बुद्धाय.