मियाझाकी युझेन

मियाझाकी युझेन हे जपानच्या एदो काळातील क्योतो येथील पंखे रंगवणारे चित्रकार व वस्त्रनक्षीचे रचनाकार होते. रेशमी किमोनो रंगवण्याची 'युझेन' ही पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्यांचा जन्म १६५४ चा मानला जातो.

क्योतोत ते चिओन-इन मंदिराच्या महाद्वाराजवळ राहत. त्यांचे घडीचे पंखे इतके लोकप्रिय होते की इहारा साइकाकु यांच्या १६८२ च्या कादंबरीतही त्यांचा उल्लेख आला. पुढच्याच वर्षी शोगुनच्या राजवटीने नागरिकांच्या वस्त्रांवरील जरीकाम, भरतकाम आणि अंगभर बारीक बांधणी यांना मनाई केली. व्यापारी कुटुंबांकडे पैसा होता, हौसही होती. मिरवण्याचे साधन तेवढे गेले. कुंचल्याने रंगवलेल्या चित्राला मात्र बंदी नव्हती. अशा वेळी युझेन यांच्या पंख्यांवरची चित्रे किमोनोवर आली. १६८८ मध्ये युझेन धाटणीच्या नक्षींचा नमुनासंग्रह छापला गेला, तर १६९२ चा संग्रह स्वतः युझेन यांचा आहे.

तांदळाच्या खळीने रंग अडवण्याची रीत त्यांनीच शोधली असे पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. ती रीत रंगाऱ्यांना आधीच ठाऊक होती. युझेन यांचे श्रेय आहे ते चित्राचे, आणि ते लहान नाही.

या पद्धतीत केन्याच्या कुळातील एका फुलाच्या निळ्या रसाने रेशमावर आराखडा काढतात. हा रस पाण्याने निघून जातो. रेषांवरून चिकट तांदळाच्या खळीची सुतासारखी बारीक धार सोडतात. ही धार म्हणजे रंगाला घातलेला बांध. त्यामुळे शेजारचे दोन रंग एकमेकांत मिसळत नाहीत. आतले चित्र कुंचल्याने भरून झाले की तेही खळीने झाकून पार्श्वभूमी रंगवतात. मग वाफ देऊन रंग पक्का करतात व वाहत्या पाण्यात खळी धुतात. खळी होती तिथे पांढरी रेघ उरते.

उत्तरायुष्यात युझेन कानाझावा येथे गेले व तारोदाया या रंगशाळेत काम करू लागले, असे परंपरा सांगते. १७३६ मध्ये ते तेथेच वारले. र्‍युकोकु-जी मंदिरात त्यांची समाधी आहे. तेथील 'कागा युझेन' शैलीत सोनेरी वर्ख व भरतकाम सहसा नसते, क्योतोच्या शैलीत ते आढळते. कागाचे कारागीर पानांवर किडीने खाल्लेली भोकेही रंगवतात. क्योतोच्या कामो नदीत कापड धुणे प्रदूषणामुळे थांबले; कानाझावाच्या असानो नदीत थंडीच्या दिवसांत ते अजूनही दिसते.