मोरूच्या मावशीचे मूळ जनक

मी काही लेखिका नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. परंतु गेल्या वर्षी हळदीकुंकवाच्या समारंभात आपण ‘मोरूची मावशी’तील एक प्रवेश केला व मावशीचे काम माझ्या वाट्याला आले. हे नाटक आचार्य अत्रे यांनी ‘चार्लीज आंट’ या इंग्रजी नाटकावरून घेतले. त्या मूळ लेखकाची माहिती मुलीच्या मदतीने जमवली, ती येथे देते.

त्यांचे नाव ब्रँडन थॉमस. १८४८ सालच्या डिसेंबरात इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरी त्यांचा जन्म झाला. वडील जोडे बनवीत. थॉमस यांनी लाकडाच्या वखारीत कारकुनी केली. पण नाटकाचे वेड काही जाईना. अखेर १८७९ साली, तिशी गाठल्यावर, ते लंडनच्या रंगभूमीवर आले. लहानमोठी कामे करीत, नाटके लिहीत दहा-बारा वर्षे गेली.

मग १८९२ साली ‘चार्लीज आंट’ आले. ऑक्सफर्डच्या दोन विद्यार्थ्यांना आपल्या आवडत्या मुलींना खोलीवर बोलवायचे असते. पण घरात कोणी वडीलधारी बाई नसेल तर त्या येणार कशा? ब्राझीलची श्रीमंत मावशी येणार होती, तिला उशीर होतो. तेव्हा ते एका मित्रालाच बायकी कपडे चढवून मावशी करतात. पुढे खरी मावशी येऊन ठाकते! लंडनला चार वर्षे चाललेल्या या नाटकाचे १४६६ प्रयोग झाले.

मावशी झाले होते पेन्ली नावाचे नट. सगळा हशा त्यांना. थॉमस मात्र त्याच रंगमंचावर एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे काम करीत. १९ जून १९१४ रोजी ते वारले. नाटक मागे राहिले. टेलिव्हिजन नवा होता तेव्हा, १९५७ साली, अमेरिकेत तो खेळ पडद्यावर दाखवला गेला व आर्ट कार्नी त्यात मावशी झाले. आपल्याकडे विजय चव्हाण यांची मावशी कोण विसरेल?

हे वाचताना मला आपल्या शिलाईच्या काकू आठवल्या. बाईने पुरुष होऊन पुन्हा बाईचे सोंग घ्यायचे! नऊवारीत अडखळत कसे चालावे, हे त्यांनी मला आठ दिवस शिकवले. लुगडेही त्यांचेच. टाळ्या मला मिळाल्या. पत्रिकेचा मजकूर मीच लिहिला होता आणि त्यात त्यांचे नाव घालायचे माझ्याकडून राहून गेले. त्या काही बोलल्या नाहीत. श्रावणात त्या गेल्या.

तेव्हा या स्मरणिकेत नोंद असावी, की त्या दिवशीची मावशी काकूंनी उभी केली होती. मी फक्त लुगडे नेसले.